भिंतीच्या पोटात काय आहे? गुत्तेदार, किल्लारी आणि आपली ड्रायवॉल

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इतिहास म्हटलं की आपण राजे, लढाया, तह यांच्याबद्दल बोलतो. आज त्यांना सुट्टी. आज बोलायचंय भिंतीबद्दल, आणि भिंत बांधणाऱ्या माणसाला आपण काम कसं देतो त्याबद्दल.

सुरुवात एका शब्दापासून करू. आमच्याकडं राणीसावरगावला, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, बांधकामाचा ठेका घेणाऱ्याला ‘गुत्तेदार’ म्हणतात. ठेका म्हणजे गुत्तं. पुण्या-मुंबईच्या लोकांना गुत्ता म्हटलं की फक्त दारूचा गुत्ता आठवतो. पण तो शब्द मुळात तिथूनच आला. दारू विकण्याचा हक्क सरकार ठेक्यानं द्यायचं, म्हणून त्या दुकानाचं नाव गुत्ता. कन्नड-तेलुगू मुलखातही हा शब्द चालतो. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हा शब्द आपल्याकडं घट्ट बसला. बाकी महाराष्ट्रात ठेकेदार, कंत्राटदार, आणि आपल्याकडं गुत्तेदार.

आता हाच गुत्तेदार गावात नवीन काम घेऊन आलाय. जिप्समचं पार्टिशन, फॉल्स सीलिंग, पीओपी. इंग्रजी व्हिडिओंमध्ये ज्याला ड्रायवॉल म्हणतात ते. दुकानाचं शटर असो, क्लासेसची खोली असो किंवा घरातला हॉल, पत्र्याच्या चॅनेलची चौकट उभी करायची, दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकायचे, सांधे भरायचे, रंग मारायचा. दोन दिवसांत भिंत तयार. पाणी मारायला नको, विटा-वाळूची भानगड नको.

प्रश्न जुनाच आहे. बोर्ड एकदा बंद झाला की आत काय केलंय ते मालकाला दिसत नाही. मग काम द्यायचं कुणाला आणि कशाच्या भरवशावर? या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्यानं एकदा फार मोठी किंमत देऊन शोधलंय. आजचा भाग त्यावर.

बारा बलुतेदारांत गवंडी का नव्हता?

शाळेत बारा बलुतेदारांची यादी आपण पाठ केली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव आणि बाकीचे. यादी गावागणिक थोडी बदलते. पण ती आठवून बघा, सुतार आहे, लोहार आहे, गवंडी मात्र नेहमीच्या यादीत सापडत नाही. अलुतेदारांच्या यादीतही तो सहसा नसतो.

याचा अर्थ असा लावता येतो. सुतार-लोहार शेतकऱ्याला प्रत्येक हंगामात लागतात. नांगर, कुळव, तिफण, खुरपं, काही ना काही मोडतंच. म्हणून त्यांच्याशी वर्षाचा करार, सुगीला धान्याचा ठरलेला वाटा. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन. भिंत मात्र पिढीत एकदा बांधली जाते. त्यासाठी कुणाला वर्षभर कोण पोसणार? त्यामुळे भिंत बांधणारा माणूस गावगाड्याच्या कडेला राहिला. काम असेल तेव्हा बोलवायचा, काम संपलं की हिशेब पुरा. एका अर्थानं तो गावातला सगळ्यात जुना फ्रीलान्सर.

दगड फोडणारे, माती वाहणारे, विहिरी खोदणारे वडार तर कायम फिरतीवर. गाडीवडार, मातीवडार अशी त्यांची नावंच कामावरून पडली. किल्ले, तलाव, रस्ते, वाडे यांचा दगड त्यांच्या हातून गेला, आणि आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत, छप्परबंदही आहेत. छपरं शाकारणाऱ्यांचं नाव विमुक्तांच्या यादीत, यावर जरा थांबून विचार करा. ज्यांनी दुसऱ्यांची घरं उभी केली त्यांना स्वतःचं गाव नव्हतं.

बिगारी हा शब्दही बघा. साइटवर घमेलं उचलणाऱ्याला आपण सहज बिगारी म्हणतो. मूळ शब्द बेगार, म्हणजे मोबदला न देता करून घेतलेलं काम. वेठबिगार त्यातलाच. वेठबिगारी कायद्यानं बंद झाली १९७६ साली. काम करणाऱ्याला आज पैसे मिळतात, पण नाव जुनंच चिकटून राहिलं.

मोठ्या कामांना बाहेरून माणसं आणायची पद्धतही जुनी आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली, खर्च १६,११० रुपये. तो बांधणारे कुमावत कारागीर राजस्थानातले होते आणि काम आवडल्यावर पेशव्यांनी त्यांना नाईक ही पदवी दिली, असं सांगतात. आज पुण्यात पीओपीचं काम करणाऱ्याला गाव विचारा. बऱ्याचदा राजस्थान, उत्तर प्रदेश किंवा बिहार असं उत्तर येईल.

बांधणाऱ्याचं नाव टिकलं अशी उदाहरणं थोडी. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे, ते आपण सगळे सांगतो. पण आपल्या स्वतःच्या घराची भिंत कुणी बांधली, त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

माळवद: दरवर्षी एक पॅच

आता मराठवाड्यातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. आपला भाग काळ्या दगडाचा. बालाघाटच्या रांगा शेजारी, त्यामुळे दगडाला तोटा नाही. भिंत दोन-अडीच फूट जाड, काही ठिकाणी त्याहून जास्त. आत सागाचे खांब, त्यावर तुळया. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं माप खणात सांगायचं, पाच खणांचं, सात खणांचं. वर लाकडी फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. हे आपलं माळवद.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा या घरात गारवा असतो. माळवदावर धान्य वाळतं, रात्री झोपता येतं. हे काही मागासलेलं घर नव्हतं. इथल्या उन्हाला दिलेलं ते चांगलं उत्तर होतं.

अडचण देखभालीत होती. पावसाळ्याच्या आधी माळवदावर नवीन पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. जुना थर काढायचा कंटाळा, खर्चही. म्हणून जुन्यावर नवा. आपण सॉफ्टवेअरवाले यालाच पॅचवर पॅच म्हणतो. दरवर्षीचा पॅच छोटा आणि बरोबरच असतो, पण चाळीस वर्षांनी वर काय साठलंय ते कुणी मोजत नाही.

आपण मोजू. दीड फूट जाडीचा मातीचा थर धरा. एक घनफूट माती साधारण ४५ किलो. म्हणजे एका चौरस फुटावर जवळपास ७० किलो. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. हिशेब होतो आठ टनांच्या वर. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर, एका खोलीत, आठ टन.

आणि भिंत? बाहेरून अखंड दिसणारी ती जाड भिंत आतून एक नव्हती. दोन भिंती होत्या. एक बाहेरची, एक आतली, दोन्हींचे चांगले दगड दर्शनी बाजूला, आणि मधल्या पोकळीत लहान दगड, चिपा, माती अशी भर. या दोन भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मध्ये मध्ये एक लांब दगड आरपार टाकावा लागतो. इंजिनिअर त्याला थ्रू स्टोन म्हणतात. नियम सोपा आहे, उंचीत दर दोन फुटांना एक आणि आडव्यात दर चार फुटांना एक.

या भागासाठी गावाकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींशी फोनवर बोललो. मी विचारलं, “मामा, आरपार दगड टाकायचे का तुम्ही?”

ते म्हणाले, “मालकानं लांब दगड आणून दिला तर टाकायचो की. तसला दगड घडायला अर्धा दिवस जातोय. ब्रासावर काम असलं, तर तो अर्धा दिवस कोण देतंय? अन् मालकाला बाहीरून काय दिसतंय?”

या चार वाक्यांत सगळं आलं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मोबदला आकारमानावर असेल तर आकारमानच वाढतं. भिंत जाड झाली की मालक खूश, मिस्त्रीलाही पैसे. आतला सांधा कुणाच्याच हिशेबात नाही. यात मिस्त्री वाईट होता असं मी म्हणत नाही. ज्याचे पैसे मिळतात ते काम होतं, ज्याचे मिळत नाहीत ते राहून जातं. आजही तसंच आहे.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीजवळ जमीन हलली. तीव्रता ६ च्या थोडी वर. जगाच्या मानानं हा काही महाभयंकर भूकंप नव्हता. पण सुमारे आठ हजार माणसं गेली.

तेव्हाच्या भूकंप नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. म्हणजे इथं भूकंपाचा विचार करून घर बांधा असं गवंड्यालाही कुणी सांगितलं नव्हतं आणि इंजिनिअरलाही. २००२ च्या सुधारित मानकात झोन १ हा प्रकारच काढून टाकला.

भिंती कशा पडल्या ते अभ्यासकांनी नंतर नीट पाहिलं. दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या. मधली भर खाली बसली आणि तिनं दोन्हींना बाहेर ढकललं. वरचं माळवद खाली आलं. जिथं माळवदाचं ओझं लाकडी खांबांनी पेललं होतं आणि सांधे मजबूत होते, तिथं कधी कधी भिंत बाहेर पडली पण छप्पर उभं राहिलं, आणि आतली माणसं वाचली. याचा अर्थ दगड वाईट होता किंवा माती वाईट होती असा नाही. भिंतीच्या पोटात जो सांधा हवा होता तो नव्हता, आणि डोक्यावर जितकं ओझं हवं होतं त्याच्या कितीतरी पट जास्त होतं.

काम कुणाला द्यायचं?

इथून पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे.

जागतिक बँकेच्या मदतीनं महाराष्ट्र सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. गावांचे ढोबळमानानं तीन गट केले. ज्यांचं सगळंच गेलं अशी ५२ गावं नवीन जागी हलवायची. काही गावांत जागच्या जागी घरं पुन्हा बांधायची. आणि तिसरा गट सगळ्यात मोठा. १३ जिल्ह्यांत पसरलेली, भेगा पडलेली, अर्धवट ढासळलेली जवळपास १ लाख ९० हजार घरं. यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं.

पहिल्या गटात कामं मोठ्या ठेकेदारांकडून आणि देणगीदार संस्थांकडून झाली. रांगेत घरं, रुंद रस्ते, सरळ चौक. औसा तालुक्यातल्या गुबाळमध्ये तर घुमटांची घरं उभी राहिली. घर पक्कं मिळालं, पण ते कसं असावं हे बऱ्याच ठिकाणी राहणाऱ्यानं ठरवलं नाही. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं ठेवायचा, ओसरीवर बसायचं कुठं, हे प्रश्न लोकांनी नंतर आपापल्या पद्धतीनं सोडवले.

तिसऱ्या गटात सरकारला दुसरा मार्ग धरावा लागला. एक लाख नव्वद हजार घरांच्या दुरुस्तीचं टेंडर कुणाला देणार? प्रत्येक भेग वेगळी. म्हणून पैसे घरमालकाच्याच खात्यात दिले. नुकसान किती त्याप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये. मिस्त्री मालकानं शोधायचा, साहित्य मालकानं आणायचं, सरकारचा इंजिनिअर येऊन बघणार. आणि पैसे एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. ठरलेलं काम झालेलं दिसलं की पुढचा हप्ता.

हे कागदावर छान वाटतं. पण गावातल्या ज्या बाईच्या घराला भेग पडली तिला ‘लिंटेल पट्टा’ म्हणजे काय हे कोण सांगणार? इंजिनिअर मोजके, गावं हजारो. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांमधून संवाद सहायक नेमल्या. योजना काय, पैसे कधी येतात, आरपार दगड कुठं, कोपऱ्याला बळकटी कशी, माळवदावरची जादा माती का उतरवायची, हे त्या समजून घ्यायच्या आणि घरोघरी सांगायच्या. गवंड्यांचीही प्रशिक्षणं झाली. ज्या बायकांनी तोवर बांधकामावर फक्त घमेलं उचललं होतं, त्या मिस्त्रीला विचारू लागल्या, “पट्ट्यात गज किती टाकलेत? दाखवा.”

माझ्या मते मराठवाड्यातल्या बांधकामाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल होता. भिंतीच्या पोटात काय आहे हे विचारायचा हक्क मालकाला, आणि त्यातही मालकिणीला मिळाला.

पण गोष्ट इथं गोड होऊन संपत नाही. लोकांच्या मनात दगड-मातीची भीती बसली होती. दुरुस्तीसाठी आलेल्या पैशांतून बऱ्याच जणांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवीन खोली उभी केली. निर्णय समजण्यासारखा आहे. ज्या भिंतीनं शेजारचं घर गिळलं तिच्याखाली कोण झोपणार? पण जुनं घर तसंच राहिलं, आणि जुन्या भिंती दुरुस्त करायचं कसब हळूहळू मागं पडलं. सिमेंट म्हणजे सुरक्षित असं समीकरण पक्कं झालं. सिमेंटच्या भिंतीलाही पोट असतं, हे विसरलं गेलं.

मालकाच्या हातात पैसे आणि टप्प्यावर तपासणी, हे सूत्र मात्र टिकलं. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भूज हादरलं, तेव्हा तिथल्या पुनर्बांधणीत हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

आणि मग आली जिप्समची भिंत

आता ड्रायवॉलचा इतिहास, थोडक्यात. जिप्सम हे खनिज. ते तापवलं की त्यातलं पाणी उडतं आणि पावडर मिळते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून नाव प्लास्टर ऑफ पॅरिस, आपलं पीओपी. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यानं १८९४ मध्ये कागदाच्या थरांमध्ये प्लास्टर भरलेल्या पाट्यांचं पेटंट घेतलं. १९१६ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम या कंपनीनं आजच्या बोर्डाच्या जवळ जाणारा प्रकार आणला. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, हातानं केलेल्या गिलाव्याची सर याला नाही म्हणाले. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी, घाई जास्त, तेव्हा हा बोर्ड चालला. युद्धानंतर घरांची प्रचंड मागणी आली आणि तो घराघरांत गेला. गिलावा करणाऱ्यांची एक पिढी त्यात मागं पडली.

आपल्याकडं जिप्सम राजस्थानातून येतं, नागौर, बिकानेर, जैसलमेर भागातून. बोर्ड आधी शहरांतल्या ऑफिसांत आले, मग मॉलमध्ये, मग फ्लॅटमध्ये, आणि आता तालुक्याच्या गावापर्यंत.

मराठवाड्याच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन. पुन्हा एक हिशेब. जुन्या दोन फुटी दगडी भिंतीचं वजन, भिंतीच्या दर चौरस फुटाला, साधारण १२० किलो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या साडेचार इंची विटेच्या भिंतीचं २५ किलो. जिप्समच्या साध्या पार्टिशनचं अडीच किलो. म्हणजे विटेच्या दहावा भाग. भूकंपात जितकं वजन जास्त तितका धक्का मोठा. त्यामुळे घरातल्या आतल्या खोल्या पाडायला हलकी भिंत ही चांगलीच गोष्ट आहे.

भूकंप हा विषय जुनाही झालेला नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतही तो जाणवला. तेव्हा प्रशासनानं आवाहन काय केलं होतं? पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. माळवद गेलं, पत्रे आले, आणि पत्रा उडू नये म्हणून आपण पुन्हा डोक्यावर दगड ठेवले.

पण ड्रायवॉलच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ही भिंत छताचं ओझं घेत नाही. म्हणून ‘ती मधली भिंत काढू, तिथं जिप्सम टाकू’ असं कुणी म्हणालं की आधी इंजिनिअरला विचारायचं, काढायची भिंत ओझं घेतेय का. दुसरं, पाणी. साधा बोर्ड ओल धरतो आणि भुसभुशीत होतो. बाथरूमच्या शेजारी ओल सहन करणारा बोर्ड लागतो. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. जिप्सम झाकतं. स्लॅबचे गज गंजून सिमेंटचे पोपडे पडत असतील, तर फॉल्स सीलिंग लावल्यावर ते दिसायचे बंद होतात. पडायचे मात्र बंद होत नाहीत. भेग पडलेल्या भिंतीवर बोर्ड मारला तर भेग तिथंच वाढत राहते. आधी दुरुस्ती, मग बोर्ड. उलटं नाही.

किल्लारीतून उचलायचे नियम

मग गावात हे काम द्यायचं कसं? मला इतिहासातून पाच गोष्टी दिसतात.

एक. मोबदला कशावर ठरतोय ते बघा. ब्रासावर पैसे दिले तेव्हा भिंत जाड झाली आणि सांधा राहिला. आज नुसत्या चौरस फुटाच्या दरावर काम दिलं तर चॅनेल पातळ येईल, दोन चॅनेलमधलं अंतर वाढेल, स्क्रू कमी लागतील. म्हणून दरासोबत आतलं काय ते लिहून घ्या. बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा, उभे चॅनेल दर दोन फुटांवर, सांध्यांना टेप आणि सांधे भरायचा मसाला. टेप न लावता नुसतं पीओपी भरलं तर काही महिन्यांत सांध्यावर सरळ रेघेत भेग येते. टीव्ही किंवा कपाट लटकवायचं असेल तर आत प्लायचा आधार आधीच टाकायला सांगा. एका कागदावर चार ओळी पुरतात.

दोन. पैसे टप्प्यानं द्या. चौकट उभी राहिली, एक हप्ता. वायरिंग झालं आणि एका बाजूचा बोर्ड लागला, दुसरा. सांधे वाळून रंग झाला, शेवटचा. आपल्या भागात उचल हा शब्द ऊसतोडीमुळे घराघरांत माहीत आहे. उचल थोडी द्यावीच लागते, कारण कारागिराच्या घरी चूल आजच पेटायची असते. पण सगळी रक्कम आधी दिली की विचारायचा हक्क संपतो, आणि सगळी अडवून ठेवली तर मजुरांचे हाल होतात. दोन्ही टाळायचं.

तीन. बंद करण्याआधी बघा. दुसऱ्या बाजूचा बोर्ड लागण्याच्या आधी भिंत उघडी असते, तेव्हा आतले फोटो काढून ठेवा. चॅनेल कुठं, वायर कुठून गेली, प्लाय कुठं. १९९३ च्या आधी कुणाकडं हे साधन नव्हतं. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. पुढं दुरुस्तीला हेच फोटो नकाशाचं काम करतात.

चार. गावातला माणूस की बाहेरचा? शहरातल्या टोळीचा हात सफाईदार असतो, कारण तिचं रोजचं तेच काम. पण सहा महिन्यांनी भेग आली तर फोन कोण उचलणार? बलुतेदारीत जन्मावरून काम बांधून टाकलं जायचं, ती व्यवस्था परत नको. पण त्यात एक गोष्ट होती, काम करणारा आणि करून घेणारा दोघं एकाच गावात राहायचे. तेवढी एकच गोष्ट ठेवण्यासारखी आहे. गावातल्या पोरानं पुण्यात चार वर्षं हे काम केलं असेल, त्याची दोन कामं तुम्ही जाऊन पाहिली असतील, त्यातलं एक निदान एका पावसाळ्यातून गेलेलं असेल, तर त्याला द्या. नवीन काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. पावसाळा गेलेलं काम खरं बोलतं.

पाच. कारागिराचाही हिशेब पुरा करा. इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. तिथं नोंदणी करायला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्याकडं जितके दिवस काम केलं तितक्या दिवसांचं लिहून द्यायला तुमचं काहीच जात नाही. त्याच्या मुलांच्या शिक्षणाच्या मदतीपासून अपघाताच्या मदतीपर्यंत बरंच काही त्या नोंदणीवर अवलंबून असतं. जो गवंडी कधीच गावगाड्याच्या यादीत नव्हता, त्याचं नाव निदान या यादीत येऊ दे.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. किल्लारीनंतर आपण म्हणालो, दगड वाईट. उद्या एखादं सीलिंग पडलं की म्हणू, जिप्सम वाईट. वस्तूला दोष देणं सोपं असतं. खरं तर भिंत म्हणजे दोन माणसांमधला एक करार असतो, आणि त्यातला महत्त्वाचा भाग बोर्डाच्या, गिलाव्याच्या, दगडाच्या आड असतो. तो आड जाण्याआधी बघायचा, विचारायचा आणि त्याचे पैसे द्यायचे. संवाद सहायक बायकांनी तीस वर्षांपूर्वी घरोघरी फिरून हेच सांगितलं.

या आठवड्यात एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, आपल्या जुन्या घराची भिंत कुणी बांधली होती, मोबदला कसा ठरला होता, आणि त्र्याण्णवच्या त्या पहाटे ते कुठं होते. उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक घरात त्या पहाटेची एक आठवण आहे, आणि ती सांगणारी माणसं आता म्हातारी होत चाललीत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पत्र्यावर दगड असतील तर आज संध्याकाळीच उतरवा.